आधी निचरा पाहा, मग औषधाची मात्रा ठरवा



सांगली-कोल्हापूरकडच्या क्षारपड जमिनी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिल्या असतील. पाणी मुबलक, खतही भरपूर, पण जमिनीला निचरा नाही. मग पाण्यातले आणि खतातले क्षार बाहेर निघून न जाता वरच साचत राहतात, जमीन पांढरी पडते आणि उभा ऊस पिवळा पडतो. खत वाईट नव्हते. मात्राही शेजारच्या शेताइतकीच होती. फरक होता तो निचऱ्याचा.

माणसाच्या शरीराचेही असेच आहे. शरीराचा निचरा म्हणजे पाठीच्या बाजूला, बरगड्यांच्या खालच्या टोकाशी असलेली आपली दोन मूत्रपिंडे, ज्यांना आता सगळेच किडनी म्हणतात. आपण घेतलेली कित्येक औषधे काम झाल्यावर लघवीवाटे बाहेर पडतात. निचरा चांगला असेल तर ती वेळेवर बाहेर पडतात. निचरा मंदावला असेल तर पहिली गोळी बाहेर पडण्याआधीच दुसरी पोटात जाते, दुसरीवर तिसरी, आणि औषध रक्तात साचत जाते. मग जे औषध तारायचे तेच मारू लागते.

प्रस्तुत लेखक शेतीखात्यातला आहे, डॉक्टर नाही. पण गावोगाव हिंडताना एक गोष्ट नित्य दिसते. खताची मात्रा एकरावर आणि फवारणीचे औषध पंपाच्या लिटरवर मोजून घेणारे घर, माणसाच्या औषधाच्या बाबतीत मात्र ‘आबांना लागू पडली ना, मग मलाही तीच गोळी आण’ असे म्हणते. माती परीक्षण करून खत द्यावे हे आता आपल्याला पटले आहे. तसेच मूत्रपिंडाचे परीक्षण करून औषधाची मात्रा ठरवावी, हे पटवून देण्यासाठी हा लेखनप्रपंच.

मूत्रपिंड किती काम करते?

निरोगी तरुण माणसाची दोन्ही मूत्रपिंडे मिळून मिनिटाला सुमारे १०० ते १२० मिलिलिटर द्रव रक्तातून गाळतात. दिवसाचा हिशेब केला तर हे १५० लिटरच्या वर जाते. यातले बहुतेक पाणी शरीर परत शोषून घेते आणि लिटर-दीड लिटर लघवी बाहेर टाकते. दर मिनिटाला किती मिलिलिटर गाळले जाते, हाच मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा. विहिरीवरच्या मोटारीचे काम आपण मिनिटाला किती पाणी पडते यावर जोखतो, तसेच हे.

वय चाळिशीच्या पुढे गेले की बहुतेकांचा हा आकडा वर्षाला साधारण एकेक मिलिलिटरने उतरत जातो. मधुमेह, रक्तदाब, मुतखडा, पूर्वी झालेला एखादा मोठा आजार यांमुळे तो आणखी झपाट्याने उतरतो. वाईट गोष्ट अशी की अर्ध्याहून अधिक काम थांबेपर्यंत माणसाला काहीच जाणवत नाही. दुखत नाही, खुपत नाही. म्हणून मोजल्याशिवाय कळत नाही.

क्रिएटिनिन म्हणजे काय?

मूत्रपिंडाला थेट मापपट्टी लावता येत नाही. म्हणून डॉक्टर रक्तातल्या ‘क्रिएटिनिन’ नावाच्या पदार्थावरून अंदाज बांधतात. आपल्या स्नायूंच्या रोजच्या झिजेतून हा पदार्थ तयार होतो आणि मूत्रपिंड तो बाहेर टाकते. निचरा मंदावला की तो रक्तात वाढतो. तालुक्याच्या प्रयोगशाळेतसुद्धा ही तपासणी होते आणि तिला फार खर्च येत नाही.

पण खरी मेख इथेच आहे. क्रिएटिनिन किती तयार होते हे स्नायूंवर अवलंबून असते. तालमीतल्या मल्लाच्या अंगात ते जास्त तयार होते. हाडांची काडे झालेल्या आजीच्या अंगात ते मुळातच कमी. त्यामुळे आजीचे मूत्रपिंड थकलेले असले तरी रिपोर्टावरचा आकडा ‘नॉर्मल’ दिसतो. आपण रिपोर्ट पाहतो, समोर नॉर्मलची मर्यादा छापलेली असते, आकडा तिच्या आत असतो, आणि आपण निश्चिंत होतो. ही निश्चिंती फसवी असू शकते.

एकच आकडा, तीन माणसे

यावर तोडगा म्हणून कॅनडातील कॉक्रॉफ्ट आणि गॉल्ट या दोघा डॉक्टरांनी १९७६ साली एक साधे गणित मांडले. ते आजही औषधाची मात्रा ठरविताना वापरले जाते. १४० मधून वय वजा करावे. उरलेल्या आकड्याला किलोतल्या वजनाने गुणावे. त्याला ७२ गुणिले क्रिएटिनिन, इतक्याने भागावे. रुग्ण स्त्री असेल तर आलेल्या उत्तराला ०.८५ ने गुणावे.

आता एकाच घरातली दोन माणसे घेऊ. दोघांचेही क्रिएटिनिन १.० आले, म्हणजे रिपोर्टाच्या हिशेबाने दोघेही नॉर्मल.

पहिला घरातला कर्ता मुलगा. वय ३०, वजन ७२ किलो. १४० वजा ३० म्हणजे ११०. त्याला ७२ ने गुणून ७२ ने भागले की उत्तर ११०. मिनिटाला ११० मिलिलिटर, म्हणजे निचरा उत्तम.

दुसरी त्याची आजी. वय ७०, वजन ४० किलो. १४० वजा ७० म्हणजे ७०. गुणिले ४० म्हणजे २८००. भागिले ७२ म्हणजे सुमारे ३९. त्याला ०.८५ ने गुणले की उरतात फक्त ३३.

रिपोर्टावर दोघांचा आकडा एकच, पण नातवाचा निचरा ११० आणि आजीचा ३३. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याच्याही आत. नातवाला सोसणारी मात्रा आजीला तशीच दिली तर काय होईल, हे क्षारपड जमीन पाहिलेल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

आता तिसरे माणूस, सात वर्षांची नात. मुलांना वरचे गणित मुळीच चालत नाही. मुलांसाठी डॉ. श्वार्ट्झ यांनी १९७६ सालीच उंचीवर आधारलेले गणित दिले आणि २००९ साली ते सुधारले. सेंटिमीटरमधली उंची गुणिले ०.४१३, भागिले क्रिएटिनिन. या मुलीची उंची १२० सेंटिमीटर आणि क्रिएटिनिन ०.५ असेल तर उत्तर सुमारे ९९ येते, म्हणजे सगळे ठीक. पण तिचे क्रिएटिनिनही १.० आले तर? उत्तर सुमारे ५०. मोठ्या माणसाच्या रिपोर्टात नॉर्मल म्हणून छापलेला आकडा या पोरीच्या बाबतीत मूत्रपिंड निम्म्यावर आल्याची खूण ठरतो.

तान्ह्या बाळाचे आणखी वेगळे. त्याची मूत्रपिंडे जन्मतः पूर्ण क्षमतेने चालत नाहीत. शरीराच्या मानाने मोठ्या माणसाच्या बरोबरीला यायला त्यांना दीड-दोन वर्षे लागतात. म्हणून ‘मोठ्याची अर्धी गोळी, बाळाला पाव’ हा घरगुती हिशेब कधीही करू नये. लहान मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. वासराला बैलाच्या मापाने वैरण कोणी घालत नाही.

मात्रा कमी केली म्हणजे हात आखडला असे नव्हे

मुंबईच्या परळ भागात हा हिशेब रोज शेकडो वेळा मांडला जातो. १९२६ साली सुरू झालेले केईएम, १९२९ चे वाडिया बाल रुग्णालय आणि १९४१ चे टाटा कर्करोग रुग्णालय ही तिन्ही एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. मूत्रपिंडरोपणाचा भारतातला पहिला प्रयत्न १९६५ साली केईएममध्येच झाला होता. गिरण्यांच्या काळी सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची माणसे परळ-लालबागच्या चाळीत राहत आणि गावचा आजारी माणूस त्यांच्या खोलीवर उतरून या रुग्णालयांत जाई. गिरण्यांचे भोंगे थांबले, पण गावाकडून येणारी रुग्णांची रीघ थांबली नाही. पुष्कळजण आज दादरला गाडगे महाराजांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत उतरतात.

अशा ठिकाणी नातेवाइकांच्या मनात एक शंका हमखास येते. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला तेच औषध जास्त आणि आमच्या माणसाला कमी का? गरीब पाहून हात आखडता घेतला काय? यामागे काय असते ते पाहू.

कर्करोगावर ‘कार्बोप्लॅटिन’ नावाचे औषध शिरेतून देतात. ते बहुतांशी मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. १९८९ साली ब्रिटनमधील डॉ. कॅल्व्हर्ट यांनी त्याचे गणित बसविले. मूत्रपिंडाच्या आकड्यात २५ मिळवावेत आणि रक्तात औषध किती पोहोचवायचे आहे त्या ठरीव अंकाने गुणावे. हा अंक ५ धरला, तर आपल्या ११० च्या नातवाला ६७५ मिलिग्रॅम औषध लागेल आणि ३३ च्या आजीला २९०. आजीला निम्म्याहून कमी औषध देऊनही तिच्या रक्तात तेवढाच परिणाम साधतो, कारण ते सावकाश बाहेर पडते. तिला ६७५ दिले तर रक्तातल्या पेशी धोक्याच्या पातळीपर्यंत खाली जातील. तेव्हा कमी मात्रा हीच इथे पुरी मात्रा.

क्षयरोगाचे उदाहरण घ्या. परळपासून जवळच शिवडीला क्षयरोगाचे मोठे रुग्णालय आहे. क्षयाच्या औषधांपैकी रिफाम्पिसिन हे मुख्यतः यकृतावाटे बाहेर जाते, म्हणून मूत्रपिंड थकले तरी त्याची मात्रा सहसा बदलावी लागत नाही. पण इथॅम्ब्युटॉल मूत्रपिंडावाटे जाते. ते साचले तर नजर अधू होऊ शकते, लाल-हिरवा रंग ओळखणे कठीण होते. म्हणून मूत्रपिंडाचा आकडा ३० च्या खाली गेला की ते रोज न देता आठवड्यातून तीन वेळा देतात. एकाच रोगाची, एकाच पाकिटातली दोन औषधे, पण दोघांचा मार्ग निराळा.

आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन तर आता गावोगाव आहे. आकडा ३० च्या खाली गेला की ती बंद करतात आणि ३० ते ४५ च्या दरम्यान नव्याने सुरू करीत नाहीत. जेंटामायसिन, अमिकॅसिन यांसारखी इंजेक्शने साचली तर मूत्रपिंड आणि कान दोन्हींना इजा करतात. हृदयासाठीचे डिगॉक्सिनही असेच जपून द्यावे लागते.

डॉक्टरांपुढे तीन वाटा असतात. मात्रा कमी करणे, दोन मात्रांमधले अंतर वाढविणे किंवा औषधच बदलणे. कोणती वाट धरायची हे त्यांनीच ठरवावे. कित्येकदा पहिली मात्रा पुरी देऊन पुढच्या मात्रांचे अंतर वाढवितात. हा लेख वाचून कोणी आपल्या मनाने गोळी अर्धी करू नये. कमी पडलेले औषधही रोग बळावू देते.

गणित कुठे फसते?

मातीचा नमुना बांधावरून घेतला तर अहवाल चुकतो. तसेच या गणिताचेही आहे.

पहिली गोष्ट, आजार अचानक उद्‌भवला असेल तर हा आकडा भरवशाचा नसतो. घोणस चावली, भातखाचरात लेप्टो झाला किंवा जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी गेले, तर मूत्रपिंड आज बंद पडते आणि क्रिएटिनिन वाढायला एक-दोन दिवस लागतात. कालचा रिपोर्ट चांगला होता म्हणून स्वस्थ बसू नये.

दुसरी गोष्ट, फार स्थूल, फार रोड, पाय कापलेला रुग्ण, गरोदर बाई, पहिलवान यांच्या बाबतीत अंदाज चुकतो. तपासणीच्या आदल्या रात्री भरपूर मटण खाल्ले तरी क्रिएटिनिन थोडे वर जाते.

तिसरी गोष्ट, आता पुष्कळ प्रयोगशाळा रिपोर्टावर ‘ईजीएफआर’ म्हणून तयार आकडा छापतात. तो वय आणि क्रिएटिनिनवरून काढलेला असतो. त्यात रुग्णाचे वजन धरलेले नसते. म्हणून अगदी किरकोळ वा अगदी जाड माणसाच्या बाबतीत डॉक्टर वेगळा हिशेब करतात.

शंका राहिली तर चोवीस तासांची लघवी गोळा करायला सांगतात. ती अशी गोळा करावी. सकाळी उठल्यावर पहिली लघवी टाकून द्यावी आणि घड्याळ पाहून वेळ लिहावी. त्यानंतर दिवसभराची आणि रात्रीची प्रत्येक लघवी दिलेल्या कॅनमध्ये घ्यावी. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची लघवीही त्यात घ्यावी. एक वेळ चुकली तरी हिशेब बिघडतो, तेव्हा न लाजता तसे सांगून पुन्हा गोळा करावी.

आपल्या घरातले धोके

ऊसतोडणी, भातलावणी, मळणी यांनी अंग मोडून येते आणि घरोघर अंगदुखीची गोळी चालते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्ताचा ओघ कमी करतात. उन्हात घाम गाळून अंगातले पाणी आटलेले असताना, त्यातून रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना या घेणे फार धोक्याचे. मूत्रपिंड अधू असलेल्यांनी त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत. वैदूच्या पुड्या आणि भस्मे यांत काय आहे हे ठाऊक नसेल तर तीही नकोत.

सर्पदंशाच्या बाबतीत मात्र उलटा नियम ध्यानात ठेवा. प्रतिविषाची मात्रा वजनावर किंवा मूत्रपिंडावर ठरत नाही, ती शिरलेल्या विषावर ठरते. साप पोराला चावताना विष कमी सोडीत नाही. म्हणून मुलालाही मोठ्या माणसाइतकेच प्रतिविष देतात. ते पाहून घाबरू नये.

लघवी अचानक कमी झाली तर ती सर्वांत मोठी धोक्याची घंटा समजावी. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य निघाले. मूत्रपिंडे निकामी होऊन १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या सिरपात तेच विष सापडले. वीसहून अधिक कोवळी मुले गेली. त्यांतल्या कित्येकांना उपचारासाठी आपल्या नागपूरला आणले होते. तिथे मात्रेचा दोष नव्हता, औषधच विषारी होते. पण खूण तीच होती. औषध घेतल्यावर मुलाची लघवी थांबली, उलट्या सुरू झाल्या की वाट न पाहता बाटलीसकट मोठ्या रुग्णालयात जावे. दोन वर्षांखालच्या बाळाला खोकल्याचे सिरप आपल्या मनाने देऊच नये.

एवढे जरूर करा

१. साठीच्या पुढचे आणि मधुमेह-रक्तदाब असलेले, या सर्वांनी वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी करून घ्यावी.

२. दवाखान्यात जाताना वय, ताजे वजन आणि मुलाची मोजलेली उंची कागदावर लिहून न्यावी. हिशेब याच आकड्यांवर चालतो. अंदाजे वजन सांगू नये.

३. जुने रिपोर्ट एका पिशवीत तारखेप्रमाणे लावून ठेवावेत. आजच्या आकड्यापेक्षा तो चढतो आहे की स्थिर आहे, हे डॉक्टरांना अधिक सांगून जाते.

४. चालू असलेल्या सर्व गोळ्या, पुड्या, काढे बरोबर न्यावेत. लपवू नये.

५. नवीन औषध मिळाले की न संकोचता विचारावे, ‘डॉक्टरसाहेब, हे औषध किडनीवाटे जाते का? यांच्या वयाला आणि वजनाला ही मात्रा बरोबर आहे ना?’

६. जुलाब-उलट्या लागल्या तर साखर-मिठाचे पाणी सुरू करावे आणि रक्तदाब-मधुमेहाच्या चालू गोळ्यांचे काय करायचे ते त्याच दिवशी विचारून घ्यावे. ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

७. एकाची गोळी दुसऱ्याने घेऊ नये, मग ते सख्खे भाऊ का असेनात.

ज्यांची मूत्रपिंडे फारच थकली आहेत त्यांनी धीर सोडू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे आणि अनेक जिल्हा रुग्णालयांतही ती सोय आहे. लालबागच्या राजाच्या मंडळानेही कमी खर्चात डायलिसिस करणारे केंद्र चालविले आहे. पण तिथवर जाण्याची पाळी पुष्कळांवर येऊ नये, यासाठीच वेळीच मोजणे हवे.

जमीन क्षारपड झाली तर चर खणून, निचरा करून ती बऱ्याच अंशी सुधारता येते. मूत्रपिंडाचा एकदा कायमचा गेलेला भाग मात्र परत येत नाही. जो उरला आहे तो जपणे एवढेच आपल्या हाती असते. येत्या बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाल, तेव्हा खताच्या पिशवीबरोबर घरातल्या म्हाताऱ्या माणसांचेही वजन करून आणि क्रिएटिनिन तपासून या.